वाहेदबाबूंचे अकरा इंग्रज

आमच्या जाफराबादच्या शाळेत कर्मचारी एकतीस होते आणि कार्यालयातल्या लोखंडी कपाटात सेवापुस्तकं बेचाळीस. मुख्याध्यापिकेचा चार्ज घेताना मी ती स्वतः मोजली. गणित शिकवण्यात सोळा वर्षं गेली होती, त्यामुळे मोजण्यात चूक होणं शक्य नव्हतं. अकरा माणसं नुसती कागदावर नोकरी करतात आणि यापुढे ती माझ्या सहीनं करणार, एवढाच अर्थ मला लागला. मी दार ओढून घेतलं आणि खालच्या कप्प्यातलं एक पुस्तक काढलं. त्यावर छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं : श्री. हॉपगूड सिरील अल्बर्ट. पदनाम : विनोदी नट.

सेवापुस्तक म्हणजे नोकरदाराची कुंडली. माणूस कधी लागला, कधी वेतनवाढ मिळाली, किती रजा घेतल्या, काय शिक्षा झाली आणि शेवटी निवृत्त झाला की वारला, हे सगळं त्यात असतं. पहिल्या पानावर उंची, ओळखीची खूण आणि डाव्या हाताच्या बोटांचे ठसे. सिरीलच्या ठशांची जागा रिकामी होती आणि शेजारी शेरा होता, 'प्रत्यक्ष हजर न झाल्याने घेता आले नाहीत.' बाकी सगळं भरलेलं. ओळखीची खूण : डाव्या भुवईवर तीळ. धर्म : ख्रिश्चन, अंदाजे. उंची : पाच फूट चार इंच, गणिताच्या शिक्षिकेकडून काढून घेतली.

ती शिक्षिका मीच. बऱ्याच वर्षांपूर्वी आमचे वरिष्ठ लिपिक वाहेदबाबू एक चित्र काढून माझ्याकडे आले होते. टेलिफोनच्या उभ्या खोक्याशेजारी एक माणूस उभा आहे, खोक्याची उंची ठाऊक आहे, माणूस त्याच्या तिसऱ्या काचेपर्यंत पोचतो, तर माणूस किती उंच? मला वाटलं, घरी कुणाचा तरी गृहपाठ असेल. मी दोन मिनिटांत काढून दिलं. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "मला पाच-सहा वाटून राह्यला होता. निराशा झाली जरा."

मी त्यांना बोलावलं.

"वाहेदबाबू, हे काय आहे?"

"सर्व्हिस बुक आहे मॅडम."

"कुणाचं?"

"वर नाव हे बघा."

"हे गृहस्थ आपल्या शाळेत आहेत?"

"न्हाई. वारले ते." त्यांनी पुस्तक माझ्या हातातून हळूच घेतलं, शेवटचं पान काढून दाखवलं. लाल शाईची आडवी रेघ होती आणि खाली 'सेवा समाप्त, मृत्यूमुळे'. "बंद केलंय बराबर."

ती लाल रेघ ओढली त्या दिवशी त्यांनी किरकोळ रजा घेतली होती, हे मला नंतर रजापटावरून कळलं. कारण : घरगुती.

या माणसाला मी वीसेक वर्षं रोज पाहिलं. अंगानं किडकिडीत, चष्म्याला दोरी. 'किती वाजले' असं विचारलं तरी 'बघावं लागेल' म्हणत, आणि खरंच घड्याळ बघून मिनिटासकट सांगत. कुणाच्या बाजूनं नाहीत, कुणाच्या विरुद्ध नाहीत. निवडणुकीच्या दिवसांत सगळं गाव दोन बाजूंना ओढलं जायचं तेव्हा हे दोन्ही बाजूंच्या माणसांचे दाखले एकाच वेगानं, म्हणजे सावकाश, काढून द्यायचे.

इंग्रज त्यांच्या आयुष्यात आले ते जालन्याच्या मेहुण्यामुळे. मेहुण्याचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं. इंग्लंडात राहणाऱ्या कुणा नातलगानं तिथल्या टीव्हीवरच्या विनोदी मालिका रेकॉर्ड करून खोकंभर कॅसेट पाठवल्या, की दुकानात चालतील. जालन्यात त्या कुणी भाड्यानं नेईना. दुकान बंद झालं तेव्हा खोकं वाहेदबाबूंनी उचललं. निम्मं बोलणं समजत नसे, पण त्यानं काही अडलं नाही. सिरील हॉपगूड त्यात एका नगरपालिकेच्या दिवाबत्ती खात्याचा साहेब होता.

"अस्सल ऑफिस हे मॅडम," ते मला सांगत. "साहेब येडा, हाताखालचे शहाणे, अन् कोणी कोणाला काही बोलत न्हाई. आपल्यासारखंच. फक्त पंखा न्हाई."

पुढे तो नातलग वर्तमानपत्रांची कात्रणं पाठवू लागला. कुणी नट वारला की तिकडची वर्तमानपत्रं त्याची सगळी कारकीर्द छापतात : कुठल्या समुद्रकाठच्या तंबूत खुर्च्या मांडण्यापासून सुरुवात केली, रेडिओवर कधी गेला, किती वर्षं काम नव्हतं. वाहेदबाबू ते डिक्शनरी घेऊन वाचत आणि त्यांना ते अव्यवस्थित वाटे. सगळं एका दमात लिहिलेलं, रकाने नाहीत, रजेचा हिशेब नाही. म्हणून त्यांनी जालन्याहून स्वखर्चानं कोरी सेवापुस्तकं आणली आणि वारलेल्यांची, हयात असलेल्यांचीही, एकेकाची सेवा नीट लावली. आपल्याकडच्या रिवाजानं आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. सिरीलच्या बापाचं नाव अल्बर्ट, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. इंग्रजांत मधलं नाव बापाचं नसतं, असं मी एकदा म्हटलं. ते म्हणाले, "मंग बापाचं कुठं लिहितात?"

मोठे नट त्यांनी घेतले नाहीत. ज्यांना तिकडच्या राणीनं पदवी दिली, ज्यांचे सिनेमे जगभर चालले, त्यांच्यासाठी कपाटात जागा नव्हती. "ते कंत्राटी मॅडम. आज हितं, उद्या अमेरिकेत. त्यांना सर्व्हिस बुक लागत न्हाई, त्यांचे पुतळे होतात." त्यांना हवे होते ते एका जागी चिकटलेले. तीस वर्षं पोलीस शिपाई झालेला, कायम दार उघडणारा नोकर, आणि विनी टॅपस्कॉट. विनीबाई एका मालिकेत ऑफिसात चहाचा गाडा ढकलायच्या. तेवढंच. सत्तावीस वर्षं. वाहेदबाबूंच्या मनाला हे फार लागलं होतं. त्यांनी बाईंना बाराव्या वर्षी वरिष्ठ श्रेणी दिली आणि चोविसाव्या वर्षी निवड श्रेणी. दोन्ही ठिकाणी सक्षम प्राधिकारी म्हणून स्वतःच सही केली.

चित्रकलेचे डोईफोडेसर त्यांना छेडायचे. "बाबू, ज्यांनी दीडशे वर्षं आपल्याला लुटलं त्यांनाच वेतनवाढ देता का?"

"तुम्हाला लुटलं असंल सर, तुम्ही पुण्याकडचे. आमच्याकडं इंग्रज आलेच न्हाईत, निजाम होता. आमचा इंग्रजावर बिलकुल राग न्हाई."

एका ईदला मी त्यांच्या घरी गेले होते. शिरखुर्मा झाल्यावर त्यांनी मोठ्या आदरानं सिरीलची कॅसेट लावली. सिरील खुर्चीवरून पडला, उठला, पुन्हा पडला. मला हसू आलं. वाहेदबाबू मात्र वही मांडीवर घेऊन परीक्षकासारखे बसले होते. त्यांच्या पत्नी, रझियाभाभी, पडद्याआडून म्हणाल्या, "तीस साल हो गए मॅडम, हँसते एक बार नै देखी मैं. कॉपी लेके बैठते, लिखते."

"हसत बसलो तर नोंद राहून जाते," वाहेदबाबू म्हणाले.

मी चार्ज घेतला तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांना सांगितलं, ही अकरा पुस्तकं घरी न्या. त्यांनी नियम सांगितला : सेवापुस्तक कार्यालयाबाहेर नेता येत नाही. मी म्हटलं, ही सेवापुस्तकं नाहीत. ते इतके दुखावले की तो विषय मी सोडून दिला. कामं पुष्कळ होती. पुस्तकं खालच्या कप्प्यातच राहिली आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

आता कौसल्याबाईंबद्दल. त्या आमच्या परिचर. झाडणं, घंटा, प्रयोगशाळेतल्या बाटल्या पुसणं, चहा. आवाज पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला जाईल असा, त्यामुळे शाळेला माईकची गरज फक्त पंधरा ऑगस्टला लागे. शाळेला टीव्ही मिळाला तेव्हा तो चालतो की नाही बघण्याच्या निमित्तानं वाहेदबाबूंनी त्यावर विनीबाई लावल्या आणि कौसल्याबाईंना मुद्दाम बोलावलं.

"बघा, ट्रे कसा धरती ही बाई."

कौसल्याबाईंनी कमरेवर हात ठेवून पाच मिनिटं बघितलं. "बाबू, कप गार झाल्यावर देऊन राह्यली ती. अन् सगळे हसून राह्यले. मी असा दिला तर डोईफोडेसर कप फेकून मारतील."

"तिची सत्तावीस वर्षं सेवा झाली."

"हिची कोणी बदली न्हाई केली? नशीबवान हे."

कौसल्याबाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली तेव्हा जालन्याला सेवापुस्तक पडताळणीचं शिबिर लागलं. ज्यांची निवृत्ती जवळ आली त्यांची पुस्तकं तपासून घ्यायची होती. त्या दिवशी वाहेदबाबू रजेवर होते. मी कौसल्याबाईंना म्हटलं, तपासणीची वेगळी काढून ठेवलेली पुस्तकं द्या. त्यांनी गठ्ठा दिला, मी वर सही केली, शिक्का मारला, पाठवून दिला. त्या गठ्ठ्यात खालच्या कप्प्यातलं सिरीलचं पुस्तक गेलं. चूक माझी. लाल रेघेनं बंद झालेलं पुस्तक, म्हणजे प्रकरण पूर्ण, असं समजून कौसल्याबाईंनी ते सगळ्यात वर ठेवलं आणि मी उघडून पाहिलं नाही.

महिन्यानं गठ्ठा परत आला. सिरील हॉपगूड लंडनचे आहेत, हे पडताळणी पथकाच्या ध्यानात आलं नव्हतं. पथकाला नाव वाचायचं नसतं, रकाने वाचायचे असतात, आणि रकाने चोख होते. तरी तीन त्रुटी निघाल्या. एक, मराठी भाषा परीक्षा उत्तीर्ण झाल्याची नोंद नाही. दोन, स्वग्राम घोषित केलेलं नाही. तीन, सहा वर्षांचा सेवाखंड आहे, तो क्षमापित केल्याचे आदेश जोडावेत.

डोईफोडेसरांनी ते शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं वाचलं आणि मधली सुट्टी दहा मिनिटं लांबली. वाहेदबाबू हसले नाहीत. त्यांना वाईट वाटलं ते पथकातल्या कुणाच्या तरी अंगठ्याचा तेलकट डाग पानावर पडला याचं. दोन दिवसांत त्यांनी त्रुटींचं उत्तरही तयार केलं : सदर कर्मचारी मयत असल्याने भाषा परीक्षेतून सूट मिळावी. मी ते पुढे पाठवलं नाही.

पण ते नंतर. त्या मधल्या सुट्टीत सगळे हसत असताना कौसल्याबाई किटली घेऊन दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "अन् माह्या बुकाला काय लागलं?"

त्यांचं पुस्तक कुणी उघडलंच नव्हतं. मी उघडलं. एकच त्रुटी होती, आणि ती सिरीलच्या तिसऱ्या त्रुटीसारखी शब्दाला शब्द : चौदा महिन्यांचा सेवाखंड, क्षमापित केल्याचे आदेश जोडावेत. पुढे एक ओळ जास्त होती. आदेश नसल्यास खंडापूर्वीची सेवा निवृत्तिवेतनासाठी ग्राह्य धरता येणार नाही.

"म्हंजी?"

"म्हणजे तुम्ही चौदा महिने आला नव्हतात ना, त्याच्या आधीची नऊ वर्षं मोजणार नाहीत."

"मोजणार न्हाईत? मी झाडलं न्हाई का तेव्हा?"

"झाडलंत. पण मध्ये तुटलं, की आधीचं जातं. माफ झाल्याचा आदेश लागतो."

त्यांनी किटली खाली ठेवली. डोईफोडेसरांच्या हातात सिरीलचं पुस्तक उघडंच होतं. "ह्याला बी तेच लागलं का?"

"तेच."

"मंग ह्याचं काय झालं?"

सरांनी पान उलटून वाचलं. वाहेदबाबूंच्या अक्षरात नोंद होती : 'सेवाखंड क्षमापित. काम न मिळणे हा कर्मचाऱ्याचा दोष नव्हे.' सिरीलला सहा वर्षं कुणी कामाला बोलावलं नव्हतं. मग एका मालिकेत म्हातारा माळी म्हणून दोन मिनिटं आला आणि त्या दोन मिनिटांसाठी लोक पुढची दहा वर्षं ती मालिका बघत राहिले. ही हकिकत सरांनी जेवढी ठाऊक होती तेवढी सांगितली.

कौसल्याबाई वाहेदबाबूंकडे वळल्या. "त्या गोऱ्याला माफ केलं तुमी?"

बाबूंनी सिरीलचं पुस्तक सरांच्या हातातून घेऊन मिटलं.

"माह्या वक्ताला पेन कुठं गेल्ता बाबू तुमचा?"

"बघावं लागेल," बाबू म्हणाले आणि उठून गेले. घड्याळ मात्र त्यांनी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी ते माझ्या खोलीत आले. प्लास्टिकच्या पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. कौसल्याबाईंचा रजेचा अर्ज होता, त्यांच्या मोठ्या वेड्यावाकड्या सहीचा. मागे डॉक्टरांचं सर्टिफिकेट. टाचणी गंजून कागदाला भोक पडलं होतं. आजार : क्षयरोग.

"माझ्या हातात दिल्ता तिनं," वाहेदबाबू म्हणाले. "मी तेव्हा ज्युनियर. आवक रजिस्टर माझ्याकडं. तेव्हाचे हेडमास्तर म्हणले, टीबी लिहिलं की पालक पोरं काढून नेतील. नोंद करू नको, दे हिकडं. दिला. त्यांनी ड्रॉवरला टाकला. ती शहागडला भावाकडं गेल्ती, चौदा महिन्यांनी बरी होऊन आली. हेडमास्तर म्हणले, लाग कामाला. लागली. कागद कोणीच केला न्हाई."

"हा तुमच्याकडे कसा?"

"ते रिटायर झाले तेव्हा ड्रॉवर मीच रिकामा केला. त्यात निघाला."

"तेव्हाच दाखवायचा होता."

"हो."

"मग?"

"दाखवला असता तर पहिला सवाल हाच, आवकला नोंद कामून न्हाई. म्हणलं, पुढल्या साली दाखवू. मंग त्याच्या पुढल्या साली." त्यांनी चष्मा काढला, परत घातला. "अठरा सालं झाली मॅडम. घरी ट्रंकेत होता."

ते गेल्यावर मी खालचा कप्पा उघडला आणि अकरा पुस्तकांतलं सगळ्यात जुनं काढलं. ते उघडल्याची तारीख हेडमास्तर निवृत्त झाले त्याच महिन्यातली होती. याचा काय अर्थ लावायचा तो कुणीही लावावा. माझा विषय गणित.

मी व्यवहारी बाई आहे. त्यांना मी व्यवहाराचा सल्ला दिला. हेडमास्तर वारलेले आहेत, मेलेल्या माणसाची चौकशी होत नाही, अर्ज त्यांच्याकडेच राहिला होता एवढं लिहा. कौसल्याबाईंचं काम होईल आणि तुमचंही काही बिघडणार नाही. वाहेदबाबूंच्या निवृत्तीला सात महिने होते. अशा वेळी कुणी स्वतःवर चौकशी ओढवून घेत नाही. एकदा चौकशी लागली की निवृत्तीची फाइल तिथेच थांबते.

"शिक्का माझ्याकडं होता मॅडम," ते म्हणाले. "ते म्हणले नोंद करू नको. मी काय लहान होतो?"

डोईफोडेसरांनी दुसरी वाट सुचवली. "बाबू, निवृत्त झाल्यावर द्या की जबाब. दोघांचंही भागेल."

"तेव्हा मी कोण? सही करून खाली काय पदनाम लिहू?"

सर वर्गावर निघून गेले. नियमाप्रमाणे बोलणाऱ्या माणसाशी वाद घालण्यात हा त्रास असतो.

कौसल्याबाईंना त्यांनी स्वतः सांगितलं, माझ्यासमोर. मला वाटलं होतं आता आवाज पटांगणापार जाईल. त्या खालच्या आवाजात बोलल्या.

"भावाच्या पंक्चरच्या दुकानामागं खाट होती माही. हायवेचे ट्रक जायचे, खाट हालायची. रोज म्हनायची, आज शाळेतून कागद येईल. निदान 'अर्ज मिळाला' म्हनून." मग बाबूंकडे वळून, "ट्रंकेत काय घालून ठेवला होता बाबू? डांबराच्या गोळ्या?"

"कडुनिंबाचा पाला."

"चांगला राह्यला. अठरा सालं चहा पाजून राह्यले मी ह्या माणसाला."

"साखर कमी असायची," बाबू म्हणाले.

"बरं केलं म्हन्ते मी."

माफ केलं की नाही हे त्यांनी सांगितलं नाही आणि बाबूंनी विचारलं नाही. त्या दिवसापासून बाबूंचा चहा त्या टेबलाच्या अगदी कडेला ठेवू लागल्या. सांडायचा नाही, पण सांडेल असं वाटायचं.

पुढचे कागद रीतसर झाले. मुख्याध्यापिका म्हणून मला वाहेदबाबूंकडे खुलासा मागावा लागला. खुलासा मागण्याचं पत्र टाइप करायला लिपिक एकच, तेच. मी मसुद्यात लिहिलं होतं, 'आपण अनवधानाने नोंद घेतली नाही.' टाइप होऊन आलं तेव्हा शब्द बदललेला होता : हलगर्जीपणामुळे.

"मी अनवधान लिहिलं होतं."

"अनवधान एक दिवसाचं असतं मॅडम. दुसऱ्या दिवशी आठवतं."

पत्र त्यांनी टाइप केलं, जावक क्रमांक दिला, स्वतःच्या टेबलावर नेऊन ठेवलं, आवक नोंदवहीत चढवलं आणि पोच म्हणून मला सही दिली. या सगळ्याला एक तास लागला. मधे कुणाला तरी बोनाफाइड हवं होतं, तेही दिलं.

मे अखेरीस ते निवृत्त झाले. निरोपाला शाल, नारळ आणि चार भाषणं झाली. चारही वक्त्यांनी त्यांना सचोटीचा पुतळा म्हटलं आणि प्रत्येक वेळी बाबू अस्वस्थ होऊन माझ्याकडे बघत राहिले, जणू मी उठून दुरुस्ती करावी. कौसल्याबाईंनी भाषणाला नकार दिला. चार्ज देताना वाहेदबाबूंनी अकरा पुस्तकांच्या स्थलांतराची लेखी परवानगी मागितली. प्रत्येकात त्यांनी नोंद करून आणली होती, 'बदली : जाफराबाद, लिपिकाचे राहते घर.' मी अकराही वाचून सह्या केल्या. विनीबाई त्या वेळी हयात होत्या, त्यांच्या नोंदीत 'विनंतीवरून' असंही होतं.

त्यांची स्वतःची फाइल चौकशीपायी वर पडून राहिली. वर्ष उलटलं. रस्त्यात भेटले तर मी विचारायची, काही कळलं का? ते म्हणायचे, "माझं राहू द्या मॅडम, तिचं आलं का?" कौसल्याबाईंची निवृत्ती जवळ येत होती. नऊ वर्षं मोजली जाणार की जाणार नाहीत, याचा कागद अजून वरच होता. मी तीन वेळा जालन्याला जाऊन आले. तिसऱ्यांदा तिथल्या साहेबांनी विचारलं, लिपिक स्वतःहून कबूल झाला? दबाव होता का? मी म्हटलं, होता, पण आमचा नव्हता.

आदेश आला तो कौसल्याबाईंच्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यात. वैद्यकीय पुरावा ग्राह्य धरून सेवाखंड क्षमापित. वाहेदबाबूंना ताकीद, आणि त्यांची फाइल मोकळी.

आदेशाची सेवापुस्तकात नोंद घ्यायची होती. बाबूंच्या जागी सोनवणे मॅडम आल्या होत्या. संगणकावर त्यांचा हात वाऱ्यासारखा चालतो, पण सेवापुस्तकात हातानं असली नोंद त्यांनी कधी लिहिली नव्हती. मी म्हटलं, उद्या बघू. कौसल्याबाई बाहेर गेल्या आणि अर्ध्या तासानं वाहेदबाबूंना घेऊन आल्या. ते घरच्या सदऱ्यात होते, पायात चपला होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना बुटांशिवाय पाहिलं नव्हतं.

"लिहायचंय म्हणाली," ते मला म्हणाले. "मला लिहिता येत न्हाई आता. हक्क न्हाई."

"सांगा तुम्ही. त्या लिहितील."

ते सोनवणे मॅडमच्या खुर्चीमागे उभे राहिले. हात पाठीमागे बांधलेले, चुकून पुस्तकाला लागू नयेत म्हणून. एकेक शब्द सांगू लागले. आदेश क्रमांक, दिनांक, खंडाचा कालावधी. "अर्ज कार्यालयास वेळेत प्राप्त झाला असूनही तत्कालीन कनिष्ठ लिपिकाच्या हलगर्जीपणामुळे आवक नोंद झाली नव्हती."

सोनवणे मॅडमनी मान वर केली. "सर, लिपिकाचं नाव टाकायचं का? आदेशात नुसतं पदनाम आहे."

"गरज नाही," मी म्हटलं.

"टाका," वाहेदबाबू म्हणाले. "पदनाम कोणाचंबी असतं. लिहा. शेख वाहेद शेख महेबूब."

"एवढं लांब?" कौसल्याबाई टेबलाच्या पलीकडून म्हणाल्या. "माह्या पुस्तकात माह्यापरीस तुमचंच नाव मोठं झालं की."

"रकाना मोठा आहे. बसंल."

बसलं. शेवटचा शब्द सोनवणे मॅडमनी 'क्षमापित' असा लिहिला, तिरका आणि ओळीच्या जरा खाली. मी सही केली, शिक्का मारला. कौसल्याबाई म्हणाल्या, "झालं का?" आणि मी हो म्हटलं तरी त्यांनी बाबूंकडे बघितलं.

वाहेदबाबू वाकले. निळ्या बॉलपेननं लिहिलेली ती नोंद त्यांनी पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचली, स्वतःच्या नावापाशी न थांबता. मग तसेच वाकलेले असताना त्यांनी पानावर हलकेच फुंकर घातली. बॉलपेनच्या शाईला फुंकर लागत नाही. सोनवणे मॅडम पुस्तक मिटायला गेल्या तर कौसल्याबाईंनी त्यांचा हात धरला.

"वाळवू द्या त्यांना," त्या म्हणाल्या.